आवाजाची कळ : रेडिओच्या बटनापासून लिनक्सच्या पडद्यापर्यंत

जालना शहर आज स्वतंत्र जिल्ह्याचें मुख्य ठिकाण आहे. परंतु १ मे १९८१ पर्यंत तें औरंगाबाद जिल्ह्यांत मोडत असे, आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत तर हा सर्व मुलूखच निजामाच्या राज्यांत होता. त्या राज्याची नभोवाणीही ब्रिटिश हिंदुस्थानच्या नभोवाणीहून वेगळी होती. हैदराबादचें केंद्र निजाम सरकारनें १९३५ सालीं आपल्या हातीं घेतलें. पुढें औरंगाबादेसही एक केंद्र निघालें. आणि १ एप्रिल १९५० रोजीं हीं दोन्ही केंद्रें ऑल इंडिया रेडिओंत सामील झालीं. औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपति संभाजीनगर, जालन्याहून रेल्वेनें साठ-पासष्ट किलोमीटर. तेव्हां ज्या मोजक्या जालनेकरांच्या घरीं रेडिओ असेल, त्यांना सर्वांत जवळचें असें केंद्र हेंच होतें.

त्या रेडिओयंत्राकडे आज नव्या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. लाकडी पेटी, आंत कांचेचे व्हॉल्व्ह, जाळीदार कापडामागें लपलेला कर्णा आणि तोंडावर दोन-तीन बटनें. एक बटन केंद्र लावण्याचें, दुसरें आवाजाचें. आवाजाचें बटन पुष्कळ यंत्रांत चालू-बंद करण्याच्या कळीशींच जोडलेलें असे. रेडिओचा कान उजवीकडे पिळला कीं प्रथम ‘कट्’ असा आवाज होई, दिवा लागे, व्हॉल्व्ह तापेपर्यंत थोडा वेळ जाई, मग गुणगुण ऐकूं येई आणि शेवटीं माणसाचा शब्द. डावीकडे शेवटपर्यंत पिळला कीं पुन्हां ‘कट्’, आणि सर्व शांत.

या साध्या बटनाचे गुण लोकांच्या ध्यानांत आले नाहींत, कारण तें कधीं अडलें नाहीं. बटनाची जागा ठरलेली होती. तें आज येथें आणि उद्यां तेथें असें होत नसे. तें किती फिरलें आहे हें बोटांना कळे; अंधारांतही कळे, आणि ज्याला जन्मतः दृष्टि नाहीं त्यालाही कळे. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे यंत्र कां बोलत नाहीं, हें न बोलतांही तें सांगत असे. दिवा लागला नाहीं तर वीज नाहीं किंवा बॅटरी उतरली. दिवा आहे पण गुणगुणही नाहीं, तर बटन खालीं आहे किंवा व्हॉल्व्ह गेला. गुणगुण आहे पण शब्द नाहीं, तर केंद्र नीट लागलें नाहीं. घरांतलें दहा वर्षांचें पोरही एवढें निदान करूं शके.

बटनाच्या पोटांत आणखी एक शहाणपण दडलेलें होतें. आंत कार्बनची एक वाटोळी पट्टी असे आणि तिच्यावरून एक पातें फिरे. ही पट्टी सर्वत्र सारख्या रोधाची ठेवली तर आवाज पहिल्या पावएक फेऱ्यांतच भडकतो आणि पुढचा सगळा फेरा जवळजवळ वायां जातो. याचें कारण कानाच्या स्वभावांत आहे. लाइप्झिगच्या फेख्नर नांवाच्या पंडितानें १८६० सालीं असें मांडलें होतें कीं, बाहेरचें उद्दीपन गुणाकारानें वाढावें तेव्हां मनाला होणारी जाणीव बेरजेनें वाढते. टेलिफोनच्या शोधाबद्दल प्रसिद्ध असलेल्या बेलसाहेबांच्या नांवावरून जें डेसिबेल हें माप आलें, तेंही याच हिशेबाचें. म्हणून रेडिओ करणाऱ्या कारखानदारांनीं आवाजाच्या बटनांत अशी पट्टी घातली कीं, आरंभीं रोध मंदगतीनें बदलावा व शेवटीं झपाट्यानें. ऐकणाऱ्याला वाटे, बटन सरळ चाललें आहे. वस्तुतः तें कानाच्या कलानें चाललें होतें.

संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्यांत कर्ण्याचें एक इवलेंसें चित्र असतें. त्याच्यावर टिचकी मारली कीं एक सरकपट्टी उघडते आणि तिनें आवाज कमी-जास्त होतो. अशा छोट्या साधनाला ॲपलेट म्हणतात. रेडिओच्या त्या बटनाची वंशावळ या चित्रापर्यंत येऊन पोंचते. परंतु वंशजांत पूर्वजाचे गुण उतरलेच असें नाहीं. विंडोज आणि मॅकिंतोश यांच्या बाबतींत हा इतिहास कंपन्यांच्या बंद दालनांत घडला. लिनक्सच्या बाबतींत मात्र तो चव्हाट्यावर, भांडत-तंडत घडला. म्हणून काय चुकलें, कां चुकलें आणि कोणीं सुधारलें हें सर्व तेथें पाहावयास मिळतें.

लिनक्स म्हणजे संगणक चालविणाऱ्या व्यवस्थेचा गाभा. हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें तो १९९१ सालीं लिहावयास घेतला आणि जगाला खुला केला. कोणींही घ्यावा, वाचावा, बदलावा. आरंभीं त्याला आवाज नव्हता. त्या काळीं संगणकाला आवाज हवा असेल तर साउंड ब्लास्टरसारखें वेगळें कार्ड विकत घेऊन आंत बसवावें लागे. फिनलंडच्याच हन्नू साव्होलाइनेन या गृहस्थानें अशा कार्डांसाठीं ड्रायव्हर लिहिला आणि त्यांतून पुढें ओपन साउंड सिस्टिम ही व्यवस्था उभी राहिली. तिच्यांत एक मोठी अडचण होती. पुष्कळ कार्डांवर एका वेळीं एकाच प्रोग्रामला आवाज काढतां येई. गाणें चालू असेल तर पत्र आल्याची घंटा वाजत नसे; घंटेनें जागा अडविली तर गाणें सुरू होत नसे. एकाच विहिरीवर एकच पोहरा, अशांतला प्रकार.

१९९८ च्या सुमारास यारोस्लाव किसेला या झेक प्रोग्रामरनें ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड नांवाच्या कार्डासाठीं नव्यानें काम आरंभिलें. त्यांतून अल्सा ही व्यवस्था वाढली, आणि डिसेंबर २००३ मध्यें बाहेर पडलेल्या लिनक्सच्या २.६ या आवृत्तीपासून तीच मुख्य ठरली. अल्साचें ब्रीद प्रामाणिकपणा हें होतें: कार्डावर जितक्या कळा असतील तितक्या सर्व पडद्यावर दाखवावयाच्या. तिच्याबरोबर अल्सामिक्सर नांवाचा एक प्रोग्राम येई. (आपल्याकडे मिक्सर म्हटलें कीं चटणी आठवते, येथें अनेक आवाज एकत्र मिसळणारा तो मिक्सर.) काळ्या पडद्यावर उभे खांब दिसत. खांबाखालीं दोन ‘एम’ अक्षरें असलीं कीं ती वाहिनी मुकी, दोन ‘ओ’ असलीं कीं बोलकी. मास्टर, पीसीएम, हेडफोन, लाइन, सीडी, माइक अशी खांबांची रांग पडद्याबाहेर जाई.

आणि मौज अशी कीं, अल्सा प्रथम बसविली म्हणजे सर्व वाहिन्या मुक्या असत. हेतु वाईट नव्हता. मायक्रोफोन आणि कर्णा एकदम खुले झाले तर कर्कश शिट्टी निघण्याचा धोका असतो. परंतु याचा परिणाम असा झाला कीं, सर्व कांहीं बिनचूक बसविलेल्या माणसालाही प्रथम मिळे ती शांतता. ‘एम’ कळ दाबून वाहिनी बोलती करावयाची, ही गोष्ट जाणत्याला क्षुल्लक आणि न जाणणाऱ्याला अशक्य.

याहूनही बिकट उदाहरणें होतीं. साउंड ब्लास्टर लाइव्ह या लोकप्रिय कार्डासाठीं मिक्सरमध्यें ‘एसबी लाइव्ह ॲनालॉग डिजिटल आउटपुट जॅक’ अशा लांबलचक नांवाची एक कळ होती. ती चालू असली तर साध्या कर्ण्यांतून आवाज येत नसे. ती बंद केली म्हणजे येई! कांहीं लॅपटॉपांवर ‘हेडफोन जॅक सेन्स’ नांवाची कळ अशीच उलटी वागे. आवाज हवा म्हणून कळ बंद करावयाची, हें कोणत्या तर्कशास्त्रांत बसतें? कार्डाच्या अंतरंगांतील तारांच्या दृष्टीनें तें बरोबर होतें, ऐकणाऱ्या माणसाच्या दृष्टीनें तो निव्वळ चकवा होता. स्वयंपाकघरांत पाणी येत नाहीं म्हणून तक्रार करणाऱ्याच्या हातीं सगळ्या गांवाच्या नळयोजनेचा नकाशा द्यावा, तशी ही प्रामाणिकता.

या गुंतागुंतीवर बुरखा घालण्याचें काम ॲपलेटांकडे आलें. लिनक्सवर चित्रमय कामाचा पट देणाऱ्या दोन मोठ्या व्यवस्था उभ्या राहिल्या होत्या: केडीई ही १९९६ सालीं आणि ग्नोम ही १९९७ सालीं आरंभिलेली. पहिलीजवळ केमिक्स नांवाचें साधन होतें. दुसरीच्या पट्ट्यावर कर्ण्याचें चित्र बसविण्याची सोय होती. ग्नोमच्या चित्रावर उजवी टिचकी मारून कोणतें कार्ड आणि कोणती वाहिनी त्यानें हालवावी हें ठरवितां येई. पर्याय दिला हें खरेंच. परंतु चुकीची वाहिनी बांधली गेली कीं सरकपट्टी वरखालीं होई, चित्रांतल्या कर्ण्यापुढील लहरी वाढत आणि कमी होत, आवाज मात्र जागचा हलत नसे. मास्टर पूर्ण वर, पीसीएम शून्यावर; वापरणारा मास्टर ओढून थके. बटन आहे, फिरतें आहे, पण त्याची तार कशालाच जोडलेली नाहीं, असा रेडिओ कोणा दुकानदारानें विकला असता तर लोकांनीं तो परत नेऊन दिला असता. संगणकाच्या बाबतींत लोकांनीं स्वतःलाच अडाणी मानलें.

याच सुमारास जर्मनींतील लेनार्ट पोएटरिंग या तरुण प्रोग्रामरनें २००४ सालीं एक नवा मध्यस्थ लिहिला. आधीं त्याचें नांव पॉलिपऑडिओ होतें, २००६ मध्यें पल्सऑडिओ झालें. सर्व प्रोग्रामांनीं आपला आवाज या मध्यस्थाकडे द्यावा, त्यानें तो मिसळून कार्डाकडे पाठवावा. कल्पना उत्तम होती. प्रत्येक प्रोग्रामचा आवाज निराळा कमी-जास्त करतां येऊं लागला. गाणें चालू असतांनाच तें एका कर्ण्यावरून दुसऱ्यावर नेतां येऊं लागलें. सरकपट्टीचें मापही पल्सऑडिओनें कानाच्या कलानें ठेवलें. पट्टी अर्ध्यावर आणली म्हणजे आवाज सुमारें अठरा डेसिबेल उतरतो. कार्बनच्या पट्टीचें तें जुनें शहाणपण येथें गणिताच्या रूपानें परत आलें, हें मान्य केलेंच पाहिजे.

परंतु घाई झाली. नोव्हेंबर २००७ मध्यें फेडोरा ८ ने आणि एप्रिल २००८ मध्यें उबुंटु ८.०४ ने पल्सऑडिओ सर्वांच्या संगणकांवर घातला. पुष्कळ ठिकाणीं आवाज तुटूं लागला, अडखळूं लागला किंवा अजीबात गेला. पोएटरिंगचें म्हणणें असें कीं, दोष खालच्या ड्रायव्हरांत आधींपासून आहेत, ते पल्सऑडिओनें उघडकीस आले एवढेंच. त्यांत तथ्य होतें. तथापि काल वाजणारें गाणें आज वाजत नाहीं अशा माणसाला दोषाची वंशावळ सांगून काय उपयोग?

मार्च २००९ मध्यें आलेल्या ग्नोम २.२६ नें तर जुना अनेक खांबांचा मिक्सर बाजूला सारून पल्सऑडिओवर आधारलेलें नवें साधन आणलें. त्यांत एकच मुख्य पट्टी होती आणि शेजारीं प्रोग्राम, आंत येणारा आवाज, बाहेर जाणारा आवाज अशीं पानें. दिसावयास तें नेटकें होतें. परंतु ज्यांच्या कार्डावरची एखादी आडवळणाची वाहिनी मुकी होती, त्यांना ती बोलती करण्याचें दारच उरलें नाहीं. फेडोराच्या मंडळींत यावरून मोठा वाद पेटला, आणि फेडोरा ११ मध्यें जुना मिक्सर वेगळ्या नांवानें पुन्हां ठेवावा लागला. एका बाजूचें म्हणणें: सामान्य माणसाला वीस पट्ट्या दाखविणें हा छळ आहे. दुसऱ्या बाजूचें म्हणणें: जी पट्टी खरोखर आवाज अडविते ती लपविणें हा त्याहून मोठा छळ आहे. दोघेही खरें बोलत होते. वादाचा निकाल अशा रीतीनें लागावयास हवा होता कीं, एकच कळ असावी, पण ती खरी असावी; खालच्या वीस कळांची जबाबदारी यंत्रानें घ्यावी. तें काम ड्रायव्हर लिहिणाऱ्यांचें, चित्र काढणाऱ्यांचें नव्हे; आणि तें कार्डामागून कार्ड असें कित्येक वर्षें चाललें.

त्याच काळांत आणखी एक प्रयोग झाला. एखाद्या प्रोग्रामनें आपला आवाज शंभरावर नेला कीं मुख्य पट्टीही त्याच्याबरोबर वर जावी, अशी रीत पल्सऑडिओनें ठेवली. कागदावर ती तर्कशुद्ध आहे. प्रत्यक्षांत कानाला हेडफोन लावून बसलेल्या माणसाच्या कानांत एखाद्या उद्धट प्रोग्रामनें एकाएकीं तुतारी फुंकावी असा प्रसंग येई. उबुंटुनें ही रीत आपल्याकडे बंद करून ठेवली, तें योग्यच झालें.

आतां या सगळ्याचा जालन्यासारख्या जिल्ह्याशीं काय संबंध, असें कोणी विचारील. जिल्ह्यांतील बहुतेक घरांत आणि दुकानांत विंडोज आहे, हें खरें. परंतु मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखालीं स्पोकन ट्युटोरियल नांवाचा उपक्रम चालविण्यांत आला. लिनक्स आणि त्यावर चालणारे खुले प्रोग्राम शिकविणारे सुमारें दहा-दहा मिनिटांचे धडे त्यांत आहेत. पडद्यावर कृति दिसते आणि ती समजावून सांगणारा आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत भरलेला आहे. शिक्षक नसलेल्या ठिकाणीं विद्यार्थ्यानें एकट्यानें बसून शिकावें हाच त्याचा उद्देश. म्हणजे येथें आवाज हा करमणुकीचा भाग नसून आवाज हाच शिक्षक आहे.

श्रोत्यांनीं अशी कल्पना करावी कीं, परतूर किंवा अंबड येथें एखादी विद्यार्थिनी असा धडा उघडून बसली आहे आणि आवाज येत नाहीं. कोपऱ्यांतील चित्र सांगतें, आवाज पूर्ण आहे. मग काय झालें असेल? कर्ण्याचें स्वतःचें बटन बंद असेल. तार हिरव्या भोंकाऐवजीं शेजारच्या गुलाबी भोंकांत गेली असेल. अल्साच्या थरांतली एखादी वाहिनी मुकी असेल. पडद्याची एचडीएमआय तार जोडल्यावर यंत्रानें आवाज तिकडे वळविला असेल आणि त्या पडद्याला कर्णाच नसेल. यंत्राला कार्डच ओळखतां आलें नसेल. अशा वेळीं पल्सऑडिओ ‘डमी आउटपुट’ नांवाचें एक काल्पनिक कार्ड उभें करतो आणि सगळा आवाज त्यांत सुखेनैव ओततो. किंवा चार महिन्यांपूर्वीं दुसऱ्या कोणी त्याच प्रोग्रामचा आवाज बंद केला असेल. पल्सऑडिओची स्मरणशक्ति दांडगी, तो ती आज्ञा प्रोग्रामच्या नांवावर लिहून ठेवतो आणि पुढल्या वेळीं इमानानें पाळतो. इतक्या निरनिराळ्या कारणांची शांतता मात्र एकच. रेडिओच्या शांततेंत दिवा आणि गुणगुण यांनीं जे भेद दाखविले होते, ते येथें पुसले गेले. कोपऱ्यांतलें चित्र ‘मी मोठ्यानें बोलत आहें’ एवढेंच सांगतें. ‘कोणाशीं’ तें सांगत नाहीं.

अशा प्रसंगीं मुलगी असें म्हणत नाहीं कीं ॲपलेट सदोष आहे. ती म्हणते, मला संगणक जमत नाहीं. या एका वाक्यासाठीं हेलसिंकीपासून बर्लिनपर्यंतच्या विद्वानांनीं चालविलेल्या वादाला महत्त्व आहे.

पट्ट्यांवरील नांवांचा प्रश्नही यांतच येतो. सी-डॅक या सरकारी संस्थेनें २००७ सालीं बॉस नांवाची लिनक्सची भारतीय आवृत्ति प्रसिद्ध केली, तिच्यांत मराठीही होती. आणि ग्नोम, केडीई यांच्या मराठीकरणासाठीं अनेकांनीं परिश्रम घेतले. परंतु मूळ शब्दच ज्याला कळत नाहींत त्याचें भाषांतर कोणत्या शब्दांत करावें? ‘म्यूट’ला ‘मूक’ म्हटलें तर यंत्र मुकें आहे कीं तें मुकें करावयाचें आहे, हा संशय उरतो. ‘आवाज बंद’ म्हटलें तर ती स्थिति कीं आज्ञा? घरांत आई मुलाला ‘आवाज बंद कर’ म्हणते आणि रेडिओचा ‘आवाज बंद झाला’ असेंही म्हणते. क्रियापदांत भेद आहे म्हणून गोंधळ होत नाहीं. पडद्यावरच्या खुणेला क्रियापद नसतें. ‘आउटपुट’च्या जागीं ‘आवाज कोठून यावा’ असा साधा प्रश्न लिहिला तर अंबडच्या मुलीला तो तत्काळ समजेल. परंतु प्रोग्राम लिहिणारे नामें मागतात, वाक्यें नव्हेत, आणि भाषांतरकाराला दिलेल्या जागेंत एवढे शब्द मावत नाहींत.

पुढील वृत्तांत थोडक्यांत सांगतां येईल. एप्रिल २०११ मध्यें आलेल्या ग्नोम ३ नें पट्ट्यावर एक चित्र आणि एक सरकपट्टी एवढेंच ठेवलें. आवाज कोठून यावा हें बदलावयाचें तर सेटिंग्जच्या दालनांत शिरून ध्वनीचें पान शोधावें लागे. सप्टेंबर २०२२ मधील ग्नोम ४३ मध्यें सरकपट्टीच्या शेजारीं एक बाण आला. तो दाबला कीं कर्णा, हेडफोन, पडदा यांची यादी तेथेंच दिसते आणि हवें तें निवडतां येतें. एका बाणाला अकरा वर्षें लागलीं! केडीईनें मात्र केमिक्सच्या जागीं आणलेल्या नव्या ॲपलेटांत उपकरणांची आणि बोलणाऱ्या प्रोग्रामांची यादी एकाच चौकटींत दिली होती, आणि या बाबतींत तिचा मार्ग अधिक सरळ होता असें म्हटल्यास अन्याय होणार नाहीं. लिनक्स मिंटच्या सिनॅमन पटावरील ॲपलेटही उजव्या टिचकीसरशीं आवाजाची वाट बदलूं देतें. मधल्या काळांत विम टायमन्स या बेल्जियन प्रोग्रामरनें पाइपवायर हा नवा मध्यस्थ लिहिला आणि एप्रिल २०२१ मध्यें फेडोरा ३४ नें पल्सऑडिओच्या जागीं तो नेमला. यावेळीं जुन्या अनुभवाचा उपयोग झाला. पाइपवायर जुन्या मध्यस्थाचीच भाषा बोलतो. त्यामुळें वरचीं ॲपलेटें होतीं तशींच चाललीं आणि बहुतेक लोकांना बदल झाल्याचें कळलेंही नाहीं.

या इतिहासांत एक वर्ग असा आहे कीं, ज्याच्यासाठीं हा सोयीचा प्रश्न नसून सर्वस्वाचा आहे. दृष्टिहीन माणूस संगणक वापरतो तो पडदा वाचून दाखविणाऱ्या प्रोग्रामच्या आधारें. लिनक्सवर त्याचें नांव ओर्का. सप्टेंबर २००६ च्या ग्नोम २.१६ पासून तो ग्नोममध्यें सामावलेला आहे. ईस्पीक हा वाणी निर्माण करणारा खुला प्रोग्राम जोडीला घेतला म्हणजे तो मराठीही वाचतो. उच्चार यांत्रिक, पण कळण्याजोगा. अशा माणसाच्या संगणकाचा आवाज चुकून बंद झाला तर तो पुन्हां सुरू करण्यासाठीं कोपऱ्यांतलें चित्र शोधावयास हवें, आणि तें चित्र कोठें आहे हें सांगणारा आवाजच बंद आहे. आवाज बंद असल्याची खूण पडद्यावर उमटते. कांहीं लॅपटॉपांच्या कळीवर तांबडा किंवा पांढरा दिवा लागतो. दोन्ही खुणा डोळसांसाठीं. निजामी काळांतील रेडिओ हाताच्या स्पर्शानें लावणारा एखादा दृष्टिहीन गृहस्थ या यंत्रापुढें अधिक परावलंबी ठरला असता.

प्रत्येक प्रोग्रामचा आवाज निराळा ठेवण्याची पल्सऑडिओची सोय या लोकांच्या खरोखर उपयोगाची आहे. गाणें हळूं आणि ओर्काची वाणी मोठी असें ठेवतां येतें. त्याहून उपयोगी असा एक लहानसा नियम ग्नोममध्यें आहे, आणि डोळसांच्या तो सहसा ध्यानांत येत नाहीं. आवाज बंद असतांना कीबोर्डावरची आवाज वाढविण्याची कळ दाबली तर मुकेपणा आपोआप सुटतो आणि ‘टप्’ असा एक बारीक ध्वनि ऐकूं येतो. चित्र शोधावयास नको, यादी उघडावयास नको. बोटाला ठाऊक असलेली एक कळ, आणि कानाला मिळणारें उत्तर. अर्थात् आवाज मुळांतच एचडीएमआयच्या वाटेनें कर्णा नसलेल्या पडद्याकडे गेला असेल, तर ही कळ कितीही वेळां दाबली तरी तो ‘टप्’ तिकडेच जातो, आणि तेव्हां शेजारच्या खोलींतून कोणा डोळस माणसाला हांक मारावी लागते.